मागं पाहणारा बैल

माघ सरत आला की जऊळक्याचा वारा बदलतो. थंडीभर स्टेशनाकडून येणारा बोचरा वारा एके दिवशी शेतांकडून येऊ लागतो आणि येताना तुरीच्या कुटाराचा म्हणजे भुशाचा, आगटीत भाजलेल्या ओल्या हरभऱ्याचा आणि कोरड्या धुळीचा वास आणतो. पळसाची पानं झडून कळ्या काळ्या पडलेल्या असतात, फुलायला थोडा अवकाश असतो. दोरीवरच्या लुगड्यांवर संध्याकाळपर्यंत मातीचा थर बसतो. लोक म्हणतात, काय छान दिवस आहेत. असतील. मला या दिवसांत ओसरीत बसवत नाही.

यंदा त्या वाऱ्यावर भोंग्याचा आवाजही आला. मधली कित्येक वर्षं बंद असलेले पट पुन्हा सुरू झालेत. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत; आमच्या वऱ्हाडात नुसतं पट म्हटलं की पुरतं. भोंगा ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या नणंदेचा नातू अक्षय दारात हजर. वाशीमला याचं मोबाईलचं दुकान. गाईच्या कोणत्या अंगाला बसून धार काढतात हे याला विचारा, सांगता यायचं नाही. पण पटाचा बैल घ्यायचाय. गोऱ्हा घेऊन शिकवत बसायला सवड नाही, म्हणून शिकलेला, मैदान मारलेला, थोडं वय झालेला बैल हवा. मोबाईलवर बैलवाल्यांचा कसलासा गट आहे म्हणे. तिथं नुसतं विचारायचं, जुना बैल घेऊ का, की मतांचा पाऊस पडतो. एक म्हणतो दात पाहा, दुसरा म्हणतो दात खोटं बोलतात, खूर पाहा. तिसरा म्हणतो घेऊच नका, मी घेऊन पस्तावलो. आणि त्याच्याच खाली त्याचा स्वतःचा बैल विकायला काढलेला असतो.

मी हसले. अक्षयला वाटलं, आजीला गंमत वाटली.

मतं तेव्हाही अशीच यायची. फक्त ती चहाबरोबर यायची आणि मत देणाऱ्याचं तोंड दिसायचं.

बहात्तरचा दुष्काळ ओसरल्यावर मी लग्न होऊन या घरात आले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि जऊळक्याला छोटी गाडी थांबायची. घरी किराणा आणि धान्याचं दुकान. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, कांदा-बटाटा घरात नाही, आणि पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. गाळून झालं की ते कापड उलटं करून त्यातले दिसणारे, न दिसणारे जीव पुन्हा विहिरीत सोडून यायचं. हे काम घरात बायकांचं. पण आमच्याकडे हे स्वतः करत. हे म्हणजे माझे यजमान, वसंत. गूळ फोडताना त्यावर मुंगी दिसली तर कागदाच्या कपट्यावर घेऊन तिला उंबऱ्याबाहेर सोडून यायचे. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, मुंगी दुखावता कामा नये. मी नवी नवरी. मला वाटलं, काय भाग्य काढलं आपण.

दुकानासमोर चहाची टपरी होती. माघ-फाल्गुनात तिथं बैलांशिवाय दुसरा विषय नसे. कोणाची जोडी कुठं पळाली, कोणी कोणाला किती मागं टाकलं. हे तराजू धरून तिकडे कान लावून बसायचे. आमची थोडी शेती होती आणि शेतावर हरण्या नावाचा एक तरणा, चलाख बैल होता. एकदा यांनी न राहवून टपरीकडे पाहत म्हटलं, आमचा हरण्याही पळेल. तर पलीकडच्या गावचे तुळशीराम पाटील, पटातलं मोठं नाव, चहाची बशी खाली न ठेवता म्हणाले, वाण्याचा हात तागडीवर शोभते शेठ, कासऱ्यावर नाई. टपरी हसली. हेही हसले. पण त्या दिवशी यांनी साखरेची एकच पुडी तीनदा तोलली, ते मी माजघराच्या दारातून पाहिलं. पुढचं सगळं त्या हसण्यातून आलं. बैलापायी नव्हे, त्या हसण्यापायी यांना पट जिंकायचा होता.

तरण्या बैलाच्या जोडीला जुना, जाणता बैल लागतो. तो पट्टीवर, म्हणजे शर्यतीच्या वाटेवर, नव्याला सरळ ठेवतो. असा एक बैल विकाऊ असल्याचं कळलं. पाखऱ्या. पांढरा, खांद्यावर राखाडी झाक, डोळ्यांना काजळ घातल्यासारखी काळी कड. भर ज्वानीत तो तुळशीराम पाटलांकडेच पळाला होता. मग त्यांनी तो मानोऱ्याकडच्या गोविंदरावांना विकला, आणि गोविंदराव आता तो आम्हाला द्यायला निघाले होते.

मग मतं सुरू झाली. जो तो बैलवाला आपलं मत घेऊन दुकानात येऊ लागला. पटाचा बैल जुळला, म्हणजे त्याचे सगळे दात आले, की त्याचं पळणं संपलं, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, उलट तेव्हाच तो शहाणा होतो. शिंगं साळून तेल लावलेली असतील, त्यावर जाऊ नका. थंडीत उठताना मागचा पाय आधी टेकवतो का पाहा. दुष्काळात ज्यानं बैल कडब्यावर जगवला त्याच्याकडून घ्या, ज्यानं पाल्यावर काढला त्याच्याकडून घेऊ नका. बोलणारे सगळे कधी ना कधी अशा जुन्या बैलात फसलेले होते. त्यांच्या सल्ल्यात एक गोडी होती. आपण फसलो तसा आणखी एक फसणार याची गोडी असावी ती. मला ती तेव्हा कळली नाही, पुढं माझ्याच माणसाच्या तोंडून कळली.

गोविंदरावांनी बैल दाखवायला आणला ती दुपार मला लख्ख आठवते. अंगणात तुरीची डाळ वाळत होती. गोविंदराव मोठा गोड बोलणारा माणूस, बोलताना समोरच्याचा हात हातात धरायची सवय. त्यांनी पाखऱ्याला उभं केलं आणि यांना म्हणाले, जरा मागं जाऊन उभे राहा. हे मागं गेले. पाखऱ्यानं मान वळवली आणि यांच्याकडे पाहिलं. हे डावीकडे सरकले, त्यानं डावीकडून पाहिलं. उजवीकडे गेले, उजवीकडून पाहिलं. काजळकडेचे ते मोठे, ओले डोळे. सासूबाईंनी दारातून चुकचुकल्यासारखं केलं, पण कौतुकानं. गोविंदराव यांचा हात धरून म्हणाले,

"मायेचा भुकेला हाये शेठ. मानूस मांगं दिसला तवाच पयते."

घर जिंकायला तेवढं पुरलं. तुळशीराम पाटलांनी मात्र दुसऱ्या दिवशी टपरीवरून ऐकवलं, की शेठ, तो बैल माणूस पाहत नाही, माणसाचा हात पाहतो. माझ्याकडे होता, मला विचारा. आणि हसले. लोकांनी म्हटलं, पाटलाच्या पोटात दुखतं. यांनीही तेच म्हटलं. खरं बोलणारा माणूस वाईट असला की खरं कसं वाया जातं, हे मी तिथं शिकले.

सासूबाईंची एक अट होती. पटात बैलाला पराणीनं टोचतात, हे त्यांना ठाऊक होतं. पराणी म्हणजे काठी, आणि तिच्या टोकाला आर, म्हणजे खिळा. दाव्याला बांधलेल्या पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून त्या यांना म्हणाल्या,

"आन त्याले घरात. पन त्याच्या अंगाले आर लागली तं तुह्या हातचं पानी मी पेनार नाई, वसंता."

यांनी देवघराकडे तोंड करून कबूल केलं. मला भरून आलं होतं. जगातल्या सगळ्या पटवाल्यांना दाखवून देऊ की मायेनंही बैल पळतो, असं काहीसं माझ्या मनात आलं होतं. वय लहान असलं की माणूस असं काहीही मनात आणतो.

तो महिना सुंदर होता, खोटं कशाला बोलू. सकाळी उठून मी पाखऱ्याला ज्वारीची भाकर आणि गूळ द्यायचे. त्याची जीभ तळव्याला खरखरीत लागायची. दुपारी हे त्याला आणि हरण्याला घेऊन नाल्याच्या कोरड्या पात्रात फिरवायचे. उत्तम नावाचा धुरकरी ठेवला होता. पटात छकड्यावर बसून जोडी हाकणारा तो धुरकरी. पराणी वापरायची नाही म्हटल्यावर उत्तमनं कपाळाला हात लावला आणि मग त्याला स्तोत्र म्हणून दाखवू काय, असं विचारलं. हे म्हणाले, नुसती हाक मार. नाल्यात हरण्या उड्या मारत पळायचा आणि पाखऱ्या त्याच्यासोबत ओढला गेल्यासारखा चालायचा, मध्येच मान वळवून मागं पाहायचा. यांना वाटायचं तो आपल्याला शोधतो. हे लांबून हात हलवायचे. मोकळा हात दिसला की तो आणखी सावकाश व्हायचा. संध्याकाळच्या उन्हात ते चौघं परत यायचे तेव्हा घंटांचा आवाज आधी यायचा. आजही कुठं बैलाच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या की आधी मला बरंच वाटतं. मग आठवतं.

पट फाल्गुनातल्या यात्रेला होता. आम्ही बायका बांगड्या भरायच्या निमित्तानं दमणीतून, म्हणजे पडद्याच्या बैलगाडीतून, गेलो होतो. सासूबाई आल्या नाहीत. दमणीच्या पडद्याआडून पट्टी चांगली दिसत होती. पट्टीच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, वर धूळ, धुळीत गुलाल. बैलांच्या तोंडाचा फेस वाऱ्यानं उडत होता. एका धुरकऱ्याला आपल्या जोडीच्या शेपट्या दातांनी चावताना मी पाहिलं आणि पडदा सोडला, मग पुन्हा उचलला. आमच्या जोडीसमोर नेमकी तुळशीराम पाटलांची जोडी आली.

झेंडी पडली. पाटलांची जोडी गेली. हरण्या उसळला. पाखऱ्या जागचा हलला नाही. त्यानं मान वळवली आणि उत्तमच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. उत्तम हाका मारत होता, आणि पाखऱ्या पाहत होता, शांतपणे, वाट पाहत असल्यासारखा. छकडा आडवा झाला. हरण्या जुवाला लटकून तिथंच फिरला. आणि माणसांच्या त्या दोन भिंती हसल्या. टपरी हसली होती तशी, पण आता पंचक्रोशी हसत होती. कोणीतरी ओरडलं, तागडी आणा, बैल तोलून पाहू.

मला तेव्हा कळलं. तो हट्टी नव्हता, म्हातारा नव्हता आणि मायेचा भुकेलाही नव्हता. आर येत नाही तोवर पळायचं नाही, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. आणि ती कुठून येणार हे बिचारा आधी पाहून ठेवायचा. महिनाभर आम्ही ज्याला माया समजून भाकरी चारल्या ती त्याची भीती होती.

पंचांनी आणखी एक संधी दिली. हे पट्टीवर उतरले. पांढराशुभ्र सदरा, काखेत घामाचे डाग. तुळशीराम पाटील पुढं आले आणि आपली पराणी यांच्यासमोर धरली, दोन्ही हातांनी, पाहुण्याला पान द्यावं तशी. मी पडद्याला घट्ट धरून होते. मी मनात म्हणत होते, घेऊ नका. हसू द्या. आपण बैल घेऊन घरी जाऊ.

यांनी घेतली.

उत्तमकडे दिली असती तरी एक वेळ चाललं असतं. उत्तमला कुठं आणि किती टोचायचं ते ठाऊक होतं. कातड्याला लागावी, मांसाला लागू नये, असा त्या लोकांचा हात बसलेला असतो. यांनी ती दिली नाही. झेंडी पडताना हे स्वतः पाखऱ्याच्या मागं उभे राहिले. यांच्या हाताला एकच खुपसणं ठाऊक होतं. धान्याचं पोतं विकत घेताना नमुना पाहायला त्यात परखी खुपसतात. ती टोकदार पोकळ नळी आत घालायची, एक पीळ द्यायचा आणि बाहेर ओढायची. बापाच्या वेळेपासून यांनी तेच केलेलं. पाखऱ्यानं मान वळवली, यांच्या हाताकडे पाहिलं, आणि यांनी आर मांडीत खुपसली, पीळ दिला, ओढली.

तो पळाला. असा पळाला की हरण्याला त्याच्यासोबत राहता येईना. जिंकला. भोंग्यावर यांचं नाव पुकारलं, फेटा बांधला, गुलालानं सदरा लाल झाला. तुळशीराम पाटलांनी मिठी मारली आणि म्हणाले, आता शेठ आमच्यातले झाले. मी यांचं तोंड पाहिलं. इतकं खूश झालेलं ते तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आमच्या लग्नातही नाही. उत्तम पाखऱ्याच्या मांडीवर माती दाबत होता. दमणीजवळून जाताना तो यांना हळूच म्हणाला, आणि ते मी ऐकलं:

"येवढं खोल तं आमीबी नाई टोचत, शेठ."

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. सासूबाईंनी पाखऱ्याच्या मागच्या पायाकडे पाहिलं, यांच्या फेट्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. यांनी विहिरीवर हातपाय धुतले, गुलाल खळखळून धुतला. पाटावर येऊन बसले. मी तांब्या पुढं केला. यांनी तो उचलला, तोंडाशी नेला आणि थांबले.

"गाळलेलं हाये नं?"

मी हो म्हटलं. हे प्यायले.

मला राग आला असता तर सोपं झालं असतं. मला भीती वाटली. यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. शेजारणी माझा हेवा करत. पण त्या उन्हाळ्यापासून हे मागून आले की माझी मान आपोआप वळायची आणि नजर आधी यांच्या हातांवर जायची. हातात बहुतेक वेळा किल्ल्यांचा जुडगा असे, नाहीतर काहीच नसे.

जखमेत अळ्या पडल्या. फाल्गुनातल्या माश्या, आणि खोल भोक. टरपेंटाइन ओतलं की अळ्या मरतात, एवढं सोपं औषध. पण आमच्या घरात पेच पडला. अळ्या हेही जीव. हे बाटली हातात घेऊन गोठ्यात उभे आणि हात पुढं होईना. सासूबाई दारातून म्हणाल्या, भोक पाडताना नाही थांबलास तू. तरी यांच्यानं झालं नाही. शेवटी उत्तमला बोलावलं. त्यानं ओतलं तेव्हा हे पाठ करून उभे होते. पाखऱ्या हंबरत होता आणि हे भिंतीकडे तोंड करून प्रायश्चित्ताचं काहीतरी पुटपुटत होते. अळ्यांसाठी. बैलासाठी काही पुटपुटल्याचं मला ऐकू आलं नाही.

सासूबाईंनी शब्द पाळला. त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या, पण आपलं पाणी आपण ओढायच्या, आपण गाळायच्या. शेवटच्या आजारपणात यांनी चमचा त्यांच्या ओठांशी धरला, तर ओठ मिटून घेतले. मग मी पाजलं.

पाखऱ्याला गोरक्षणात सोडावं असं सासूबाईंचं म्हणणं होतं. पण जखम भरली, अंग धरलं, आणि जिंकलेल्या बैलाला मागणी असते. पुढच्या माघात, असाच वारा फिरलेला असताना, यवतमाळकडचा एक तरुण शेतकरी आला. साधा, हौशी. त्यानं यांना विचारलं, तुम्ही पळवलाय, तुमचं मत काय? मी डाळ निवडत होते. हात थांबला. एक वाक्य पुरेसं होतं. खरं सांगितल्यावर बैल विकला गेला नसता, तरी यांचं काही अडलं नसतं. यांनी त्या पोराला पाखऱ्याच्या मागं उभं केलं. पाखऱ्यानं मान वळवून पाहिलं. पोराचा चेहरा उजळला. यांनी त्याचा हात हातात घेतला, अगदी गोविंदराव घेत तसा, आणि म्हणाले, मायेचा भुकेला आहे.

कोपऱ्यावर वळेपर्यंत पाखऱ्या मागं पाहत होता. पोर त्याच्या मागं चालत होतं, आनंदात, रिकाम्या हातानं.

यांना आता पक्षाघात होऊन तीनेक वर्षं झाली. उजवी बाजू गेली. सकाळी मी आणि मुलगा मिळून ओसरीतल्या खुर्चीत बसवतो, मग दिवसभर तिथंच. बोलणं जड झालंय, पण पटाचं नाव काढलं की जीभ सुटते. अक्षयनं मोबाईलवर एका बैलाचं चलचित्र दाखवलं आणि विचारलं, आजोबा, तुम्ही पट मारलेला आहे, जुना घेऊ का? यांनी डाव्या हातानं मोबाईल जवळ ओढला. मग शब्द जुळवत म्हणाले, मागं पाहते का? पाहत असेल तर घे. मायेचं जनावर असते.

अक्षय माझ्याकडे वळला. "आजी, तुमचं काय मत?"

मी म्हटलं, "घेऊ नको. तो मागं पाहते ते भिऊन पाहते."

अक्षय हसला आणि म्हणाला, आजी म्हणजे ना. मग तो मोबाईलमध्ये आणखी मतं वाचत निघून गेला. हे माझ्याकडे पाहत राहिले.

दुपारी यांच्या गोळ्यांची वेळ होते. मी आतून येते, खुर्चीची पाठ माझ्याकडे असते. पावलं वाजली की यांची मान वळते, जितकी वळते तितकी, आणि डोळे माझं तोंड शोधत नाहीत, आधी हात शोधतात. हातात गाळलेल्या पाण्याचा तांब्या असतो. पूर्वी मी लगेच समोर जायचे. हल्ली जरा वेळ मागंच उभी राहते.